कडबा आहे, माळ आहे. मग खुराक कधी?

वाचकांचे प्रश्न, पशुआहार तज्ज्ञांची उत्तरं

थंडी सरत आली की या सदराकडे येणारी बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: जनावर चरतंय, वैरण खातंय, तरी उतरतंय. पेंड घालायची की थांबायचं? यंदाच्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्या उत्तरांचा पाया त्यात आहे.

चार खिलार गाई आहेत. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच माळावर चरतात, रात्री कडब्याच्या दोन-दोन पेंढ्या टाकतो. एक गाय सात महिन्यांची गाभण, एक वासराला पाजून दीड-दोन लिटर देते, दोन भाकड. दिवाळीपर्यंत अंगाने चांगल्या होत्या. आता पोट टम्म दिसतं, पण पाठीचा कणा वर आलाय. पेंड आत्ता सुरू करू की उन्हाळा लागल्यावर? चौघींना घालायची ऐपत नाही. (ता. माण, जि. सातारा)

आत्ताच सुरू करा, पण चौघींना सारखी नको.

टम्म पोट आणि वर आलेला कणा एकत्र दिसतात, तेव्हा वैरण कमी पडत नसते, वैरणीतली प्रथिनं कमी पडत असतात. माळावरचं पवना, मारवेल, कुसळी हे गवत श्रावण-भाद्रपदात कोवळं असतं, तेव्हा त्याची ताकद चांगली असते. फुलोऱ्यात ती उतरू लागते. बी झडून काडी पिवळी पडली की प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात. ज्वारीचा कडबाही तेवढ्याच पायरीवर. म्हणजे तुमच्या गाई दिवसा काडी खातात आणि रात्रीही काडीच खातात.

गाईच्या कोठीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू ही काडी फोडतात. त्यांना स्वतःला वाढायला नत्र लागतं, आणि ते चाऱ्यातल्या प्रथिनांतून मिळतं. एकूण चाऱ्यात प्रथिनं साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणू मंदावतात, काडी पोटात जास्त वेळ पडून राहते, पुढचा घास घ्यायला जागा होत नाही. पोट भरलेलं दिसतं आणि गाय उपाशी राहते.

खात्री करायची तर आधी शेण बघा. सकाळी गोठ्यात पडलेला पो पायाने उलटा. चांगल्या चाऱ्यावरचं शेण मऊ बसतं, मध्ये किंचित खळगा पडतो आणि काडी बारीक दळलेली असते. प्रथिनं कमी पडली की तोच पो ताठ उभा राहतो, एकावर एक वळ्या दिसतात, वरून कोरडा असतो आणि मोडला तर बोटाच्या पेराएवढ्या अख्ख्या काड्या निघतात. असं शेण सलग चार दिवस दिसलं तर पेंडीची वेळ झाली. अंगावरचं मांस उतरायला महिना लागतो, शेण मात्र आठवड्यात बदलतं. म्हणून डोळा आधी शेणावर ठेवा.

मग अंग. खिलार मुळातच सडपातळ, तिच्या शेवटच्या दोन बरगड्या पुसट दिसल्या तर काळजी नको. सगळ्या बरगड्या लांबून मोजता येतात, कण्याचे मणके हाताला टोचतात आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडलेत, अशी गाय उशिरा गाठली असं समजा. ती भरून यायला दोन-तीन महिने लागतात.

नजर फसते, कारण रोज बघितलेलं जनावर उतरलेलं कळत नाही. शिंप्याची टेप घ्या. सकाळी पाणी पाजण्याआधी पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे वजन किलोत. घेर ६२ आणि लांबी ५२ असेल तर वजन ३०३ किलो येतं. घेर ६१ झाला तर २९३. म्हणजे एक इंच घटला की दहा किलो गेले. दर पंधरा दिवसांनी नुसता घेर मोजून गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारखेसकट लिहा. लागोपाठ दोन मोजण्यांत घेर घटला तर आणखी वाट बघू नका.

आता किती. ३०० किलोच्या गाईला दिवसाला साधारण साडेसात किलो कोरडा चारा लागतो. त्यात सात टक्के म्हणजे ५२५ ग्रॅम प्रथिनं हवीत. चार टक्क्यांच्या काडीतून मिळतात ३००. तूट २२५ ग्रॅमची. शेंगदाणा पेंडीत प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अर्धा किलोच्या थोडी वर पेंड पुरते. सालासकटच्या सरकी पेंडीत ती निम्म्यावर असतात, म्हणून ती किलोभर लागेल. भाव विचारताना पोत्याचा विचारू नका, प्रथिनांचा हिशेब करा. स्वस्त पोतं पुष्कळदा महाग पडतं.

वाटप असं करा. गाभण गाय पहिली. वासराची पोटातली वाढ बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत होते, तेव्हा तिला एक ते दीड किलो मिश्र खुराक, त्यात निम्मी पेंड. दुभत्या गाईला पोसण्यापुरती पेंड आणि वर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो मिश्र खुराक. वासरू पितं ते दूधही मोजा. दीड लिटर काढलं तर गाय प्रत्यक्षात तीन देत असते. भाकड दोघींत जिचा घेर घटतोय तिला अर्धा किलो पेंड, जी टिकून आहे तिला फक्त खनिज मिश्रण आणि मीठ. ऐपत कमी असेल तर भाकडांना पेंड एक दिवसाआड दुप्पट घातली तरी चालते. पेंडीच्या प्रथिनांचं तसं जमतं, धान्याच्या भरड्याचं जमत नाही.

पेंड रात्री भिजवा, सकाळी माळावर सोडण्याआधी आंबोण म्हणून द्या. आधी पाव किलो, मग तीन-तीन दिवसांनी वाढवत न्या. कडबा कुट्टी करून घाला, तुकडा इंच-दीड इंचाचा. अख्ख्या पेंढीतली बुडखं गाय टाकून देते आणि तो हिशेब कोणी धरत नाही.

आणि पेंडीच्या आधी पाणी. कोरड्या काडीवरच्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला ४०-५० लिटर पाणी लागतं. दिवसातून एकदाच हौदावर नेत असाल तर ती वैरण कमी खाईल आणि दोष तुम्ही वैरणीला द्याल. जंताचं औषध राहिलं असेल तर तेही आधी द्या, नाहीतर निम्मी पेंड जंतांना जाते.

पेंड महाग आहे. घरची बाजरी, मका भरडून घातला तर चालणार नाही का?

नुसता भरडा काडीवर घालून उपयोग होत नाही, उलट नुकसान होतं. भरडा म्हणजे पिष्ट. कोठीपोटात नत्र आधीच कमी असताना पिष्ट आलं की ते पचवणारे जिवाणू उरलंसुरलं नत्र ओढून घेतात आणि काडी फोडणारे मागे पडतात. गाय भरडा खाते, कडबा टाकते. आधी पेंडीने नत्राची तूट भरा, मग शक्तीसाठी भरडा.

पेंडीला घरचा पर्याय हवा असेल तर बांधावर दशरथ घास किंवा लसूणघास लावा. तीन-चार किलो हिरवा लसूणघास अर्धा किलो सरकी पेंडीचं काम करतो. शेवरी, सुबाभूळ यांचा पालाही चांगला, पण सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको; त्यातलं मिमोसिन केस गळवतं आणि गळ्याची गाठ वाढवतं.

आमच्याकडे भाताचा पेंढा आणि डोंगरचं गवत, दुसरं काही नाही. युरिया लावून पेंढा सुधारतो म्हणतात. नेमकं कसं करायचं? शेजारच्याने केला तो बुरसला. (ता. भोर, जि. पुणे)

पेंढ्यातली तीन-चार टक्के प्रथिनं युरिया प्रक्रियेने सात-आठपर्यंत जातात, शिवाय काडी मऊ पडते म्हणून जनावर खातंही जास्त. नीट केलं तर भात भागात याच्याइतका स्वस्त उपाय नाही. पण माप चुकलं तर जनावर दगावतं, म्हणून पायरी सोडू नका.

१०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी. युरिया तागडीत तोला, डब्याच्या अंदाजाने घेऊ नका. बॅरलमध्ये ५० लिटर पाणी मोजून घ्या, युरिया टाकून काठीने ढवळा, तळाशी एकही खडा राहता कामा नये. सिमेंटच्या जमिनीवर किंवा प्लॅस्टिक ताडपत्रीवर २० किलो पेंढा सारखा पसरा, झारीने १० लिटर द्रावण शिंपडा, पायाने तुडवून दाबा. मग पुढचा २० किलोचा थर. पाच थरांत १०० किलो झाले. एका वेळी चार-पाच क्विंटल करा. लहान ढीग दाबला जात नाही.

वरून प्लॅस्टिक टाकून कडा मातीने लिंपा. आत वायू कोंडून राहिला पाहिजे, तोच अमोनिया काडी मऊ करतो. शेजाऱ्यांचा पेंढा बुरसण्याची कारणं बहुतेक दोन: तुडवताना हवा राहिली, किंवा प्लॅस्टिकला भोक होतं. ढिगाजवळ उभं राहून नाकात झणझणीत वास आला तर गळती आहे, तिथे लगेच माती लावा. एकवीस दिवस झाकून ठेवा. कडाक्याची थंडी असेल तर चार आठवडे.

उघडताना एका टोकाकडून, दिवसाला लागेल तेवढाच काढा आणि तासभर वाऱ्यावर पसरा. पिवळ्याचा तपकिरी झालेला, हाताला मऊ, अमोनियाचा वास असलेला पेंढा म्हणजे काम जमलं. पांढरी-काळी बुरशी दिसली तो भाग खड्ड्यात टाका. पहिले दोन दिवस मूठ-दोन मुठी साध्या पेंढ्यात मिसळा, आठवड्याभरात पूर्ण करा.

सहा महिन्यांखालच्या वासरांना, घोड्या-गाढवांना आणि उपाशी जनावराला हा पेंढा घालू नका. सोबत युरिया असलेली चाटण वीट किंवा युरियायुक्त खाद्य देऊ नका. आणि द्रावणाची बादली एक मिनिटही उघडी सोडू नका. अपघात बहुतेक पेंढ्याने होत नाहीत, बादलीत तोंड घातलेल्या तहानलेल्या गाईचे होतात. जनावर थरथरू लागलं, लाळ गाळू लागलं, पोट फुगलं तर डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवा. ते येईपर्यंत, जनावर स्वतः गिळत असेल तरच, दोन-तीन लिटर व्हिनेगर तेवढ्याच थंड पाण्यात मिसळून हळूहळू पाजा.

उसाचे वाढे फुकट मिळतात म्हणून चार महिने तेच घालतो. म्हैस व्यायल्यावर बसली, सलाइनवर उठली. वाढ्यांचा दोष आहे का? (जि. सांगली)

मोठा वाटा असू शकतो. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर काढतं. व्यायल्यावर चीक-दुधात एकदम कॅल्शियम जातं आणि म्हैस बसते. प्रथिनंही वाढ्यांत जेमतेम, म्हणजे हिरवं दिसतं म्हणून ते हिरव्या चाऱ्याच्या हिशेबात धरू नका. काडीच्याच रांगेत बसवा.

एकूण वैरणीत वाढे निम्म्याच्या वर नकोत, बाकी कडबा किंवा सोयाबीन-तुरीचं भुसकट. कुट्टी करून रोज चुन्याची निवळी शिंपडा: दोन किलो चुना १५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी घ्यायचं, दर जनावराला लिटरभर. तळाचा गाळ ढवळून घालू नका, तोंड भाजतं. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम. पण व्यायला तीन आठवडे उरले की जादा कॅल्शियम थांबवा, हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवय तेव्हा जागी राहायला हवी. व्यायल्याबरोबर पुन्हा सुरू करा.

संकरित गाय, बारा लिटर दूध. दोन वेळा मिळून सहा किलो मक्याचा भरडा घालतो. तरी गाय खंगतेय, फॅट ३.०च्या खाली, शेण पातळ आणि त्यात दाणे. खुराक वाढवू का? (ता. राहाता, जि. अहिल्यानगर)

वाढवू नका. खुराकाचं एकूण माप जवळपास बरोबर आहे: पोसण्यासाठी दीड किलो आणि बारा लिटरना पावणेपाच, म्हणजे सव्वासहा. चूक त्यात काय आहे आणि कसं देता यात आहे.

एका वेळी तीन किलो मका पडला की कोठीपोटात आम्लता वाढते. रवंथ घटतो, लाळ कमी सुटते, फॅट पडतं, शेण पातळ होतं, त्यात फेस आणि अख्खे दाणे दिसतात. खुरांची दुखणी पुढच्या महिन्यांत येतात आणि त्यांचा संबंध मक्याशी कोणी जोडत नाही. दुपारी गाई बसलेल्या असताना गोठ्यात जा: दहांतल्या पाच-सहा गाई रवंथ करत नसतील तर पोट बिघडलंय.

घरी मिश्रण करायचं तर १०० किलोत मका भरडा ३५, सरकी पेंड २०, गव्हाचा कोंडा १७, शेंगदाणा पेंड १५, हरभरा किंवा तूर चुनी १०, खनिज मिश्रण २, मीठ १. याची प्रथिनं अठरा टक्क्यांच्या आसपास येतात. शेंगदाणा पेंड फोडून वास घ्या. कुबट वास किंवा हिरवट-काळी बुरशी असेल तर ते पोतं परत करा, त्यातलं विष दुधात उतरतं.

हे सहा किलो तीन वेळांत वाटा, एका वेळी दोनच्या वर नको, आणि प्रत्येक वेळी आधी कुट्टी, मग खुराक. कोरडी वैरण दिवसाला किमान पाच-सहा किलो हवी. बदल एका रात्रीत करू नका, दहा-बारा दिवस घ्या. तोवर खाण्याचा सोडा दिवसाला १०० ग्रॅम खुराकात मिसळा. शेण आठ दिवसांत बांधून येईल, फॅट दोन-तीन आठवड्यांत वर चढेल.

गाय हाडं, चपला, माती चघळते. चारा भरपूर आहे.

बहुतेक फॉस्फरस आणि मिठाची कमतरता. कोरड्या काडीत फॉस्फरस फारच कमी असतो. गव्हाच्या कोंड्यात तो भरपूर, रोज अर्धा किलो द्या. खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, जंताचं औषध. असं जनावर माजावरही येत नाही, म्हणून दोन महिने सातत्य ठेवा. चघळलेलं प्लॅस्टिक, तार पोटात राहते. खाणं बंद होऊन पोट दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

वैरण जूनपर्यंत पुरेल की नाही, हे आधी कसं कळतं?

दिवाळीलाच मोजा. गंजीतल्या वेगवेगळ्या जागच्या दहा पेंढ्या ताणकाट्यावर तोला, दहाने भागा, पेंढ्यांच्या संख्येने गुणा. मोठ्या जनावरामागे दिवसाला सहा किलो आणि नोव्हेंबर मध्य ते जून मध्य २१० दिवस धरले तर १२६० किलो लागतात. कुट्टी नसेल तर नासाडीपोटी पाचवा हिस्सा जास्त धरा. तूट निघाली तर कार्तिकातच कडबा घ्या किंवा एखादं जनावर कमी करा. चैत्रात कडब्याच्या शेकडा पेंढ्यांचा भाव वाढलेला असतो आणि उतरलेल्या जनावराचा पडलेला.

पाऊस पडून माळ हिरवा झाला की खुराक लगेच बंद करावा का?

नको. पहिल्या पंधरा-वीस दिवसांच्या गवतात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी असतं. ३०० किलोच्या गाईला साडेसात किलो कोरडा चारा त्यातून मिळवायचा तर चाळीस किलो गवत खावं लागेल, आणि बोटभर उंचीच्या माळावर ती दिवसभर फिरली तरी तेवढं तिच्या तोंडात येत नाही. उलट चालण्यात शक्ती जाते, शेण पाण्यासारखं होतं, आणि उन्हाळ्यात टिकवलेली गाय आषाढात उतरते.

सकाळी सोडण्याआधी दोन-तीन किलो कडबा पोटात जाऊ द्या. पेंड आता कमी करता येते, कारण कोवळ्या गवतात प्रथिनं पुरेशी असतात. कमी पडते ती शक्ती. म्हणून या दिवसांत पेंडीच्या जागी भरडा अर्धा-एक किलो. गवत वीतभर झालं, शेण पुन्हा बसू लागलं आणि छातीचा घेर टिकला की भाकड जनावरांचा खुराक थांबवा, मग कमी दुधाच्या गाईंचा. दहा लिटरच्या वरच्या गाईचा खुराक गवतावर कधीच पूर्ण बंद करता येत नाही.

याच दिवसांत ज्वारीच्या फुटव्यांवर जनावर जाऊ देऊ नका. पावसाने ताण दिलेल्या, गुडघ्याएवढ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल असतं, किराळ लागून, म्हणजे त्याची विषबाधा होऊन, जनावर तासाभरात मरतं. फुलोरा येईपर्यंत ती ज्वारी कापूनही घालू नका.